नात्याचा रकाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, शाळेतल्या एकीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं तो — तो आत्ता आतल्या खोलीत लसूण सोलत बसलाय, डाव्या हाताने, एकेक पाकळी गुडघ्यावर दाबून धरून — त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोलले असते. मला ते चांगलं जमतं.

आधी मी काय करते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जळगावातल्या एका अनुदानित शाळेत मी लिपिक आहे. पगारबिलं, रजा, सेवापुस्तकं सगळं माझ्याकडे. आणि जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्या शिक्षकांचे इन्कम टॅक्सचे फॉर्म. कुणी कशात पैसे गुंतवले, कुणाचा विमा, कुणाचं घरकर्ज, कुणाचे म्हातारे आईवडील — कागद माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय मुख्याध्यापकांपुढे जात नाहीत. त्या दोन महिन्यांत एरवी मला बघून न बघितल्यासारखं करणारे लोकही ‘मॅडम, चहा घेता का’ म्हणत येतात. मला ते आवडतं. का आवडू नये?

आमचे एक चित्रकलेचे सर आहेत. बापाच्या घरात राहतात आणि बापाच्याच सहीच्या भाडेपावत्या लावतात. एकदा भर स्टाफरूममध्ये मी त्यांना विचारलं, सर, वडील भाडं घेतात का तुमच्याकडून, मग जेवणाचं वेगळं घेत असतील ना? सगळे हसले. सरांचे कान लाल झाले, आणि पावत्या त्यांनी गुपचूप परत नेल्या. मी किती कडक आहे याची चर्चा मग आठवडाभर चालली होती. त्याच दिवशी दुपारी मी माझा स्वतःचा फॉर्म भरला आणि सगळ्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला. मुख्याध्यापक वरचे चार-पाच कागद नीट वाचतात, शेवटचे दोन वाचतात. मधले नुसते सह्या करत उलटतात. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?

त्या फॉर्ममध्ये मी काय लिहिलं होतं ते सांगते. पण त्याआधी मधुकर.

मधुकर मूळचा धुळ्याजवळच्या खेड्यातला. धरणगावला एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाचा सीझन संपला की मिल थंड पडते, मग उरलेले महिने तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचा. आमच्या शाळेच्या बोअरची मोटार जळाली तेव्हा आला. दोन दिवसांचं काम त्याने चार दिवस केलं, आणि चारही दिवस चहा ऑफिसात येऊन प्यायला. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. लग्न होऊन मोडलेलंही होतं. पुढे काही महिन्यांनी तो माझ्या दोन खोल्यांत राहायला आला. मोठ्या शहरांत याला काहीतरी इंग्रजी नाव आहे म्हणे. आमच्या कॉलनीत याला मावसभाऊ म्हणतात. मीच तसं सांगितलं होतं, आणि लोकांनीही तोंडावर तरी ते मानलं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तो कमवत होता. लाईटबिल भरायचा, यायचा तेव्हा केळी आणायचा, रविवारी वांगी भाजून भरीत करायचा आणि मला ठेचायलासुद्धा लावायचा नाही. चांगला माणूस. पण खरं सांगू? मला आतून स्वस्थ वाटायचं नाही. हा कधीही पिशवी उचलून जाऊ शकतो, असं सतत वाटायचं. त्याच्याकडे हुन्नर होता, पैसे होते, गावाकडे आई होती. माझ्यावाचून त्याचं काय अडणार होतं?

मग तिसऱ्या सीझनला त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि घरी बसायला सांगितलं. मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले होते. सगळ्यांना वाटलं, बाई किती करते. मी करतही होते. पण त्याच्या हाताची पट्टी बघताना माझ्या मनात दुःखाच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली होती. आता हा कुठे जात नाही, ही ती गोष्ट. लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात मीच त्याला घेऊन गेले. तो रांगेत हात खिशात घालून उभा होता. दाखला चाळीस टक्क्यांच्या वरचा मिळाला. त्याने तो बघितलासुद्धा नाही. मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल — घरात अपंग माणूस अवलंबून असेल तर टॅक्समध्ये सूट मिळते. नवरा, बायको, मुलं, आईवडील, भाऊ, बहीण. खर्चाची बिलंही कुणी मागत नाही, दाखला पुरतो. पण नात्याच्या रकान्यात मावसभाऊ चालत नाही. मग मी लिहिलं, ‘पती’. सरकारला फसवलं म्हणून हा कबुलीजबाब देतेय असं समजू नका. ते सरकार आणि मी बघून घेऊ. माझी नजर अडकली होती ती वर छापलेल्या शब्दावर — ‘अवलंबित’. मी तो दोनदा वाचला. मधुकर माझ्यावर अवलंबून आहे, आणि आता हे माझ्या मनातच नाही, शिक्का मारलेल्या कागदावर आहे. त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेतले. कशाचे म्हणून त्याने विचारलं, तर मी म्हटलं, असेच.

लग्न का केलं नाही? हे त्यानेही विचारलं होतं, कितीदा तरी. कोर्टात जाऊन सही करू, दोन साक्षीदार तर लागतात, म्हणायचा. मी म्हणायचे, बघू. लग्न केलं की त्याचा हक्क आला असता. घरावर, माझ्यावर, निदान भांडण्यावर तरी. आणि मला हवं होतं ते नेमकं उलटं — त्याला कधीही ‘निघ’ म्हणता यावं, हे त्यालाही माहीत असावं, आणि मी ते म्हणू नये म्हणून त्याने जपून राहावं. तो राहायचाही. ताट घ्यायच्या आधी माझ्याकडे बघायचा. शाळेतलं कुणी घरी आलं की मी डोळ्यांनी खुणावायचे, आणि तो मागच्या ओट्यावर जाऊन बसायचा. मोबाईलचा रिचार्ज संपला की दोन-दोन दिवस मी मुद्दाम विसरायचे. त्याला मागावं लागायचं. माझ्या पहिल्या नवऱ्याच्या घरी भाजीच्या पैशांसाठी मी हात पुढे करून दारात उभी राहायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. सांगतेय ते एवढ्यासाठी, की उभं राहणाऱ्याला काय वाटतं ते मला पुरतं माहीत होतं.

हात बरा झाल्यावर मधुकर डाव्या हाताने लिहायला शिकायला लागला. मशीनवर आता कुणी घेणार नाही, पण लिहिता आलं तर वजनकाट्यावर तरी बसता येईल, असं त्याच्या मनात होतं. कापसाच्या गाड्या येतात, त्यांचं वजन लिहायचं, चिठ्ठी फाडून द्यायची. मी शाळेतून एका बाजूने कोरे असलेले रद्दी कागद आणून द्यायचे. सुरुवातीला अक्षर असं यायचं की मी म्हणायचे, ही कोंबडी कुठून आणलीस? तो हसायचा. रोज दुपारभर बसायचा. वर्षभरात त्याचं डावं अक्षर आमच्या अर्ध्या शिक्षकांपेक्षा बरं झालं.

आणि त्याच रद्दीत माझ्या हातून माझ्या फॉर्मची झेरॉक्स गेली. इतरांचे कागद दहादा तपासणारी मी, स्वतःचा कागद न बघता त्याच्या हातात दिला. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने पानभर आकडे गिरवले आणि मग पान उलटलं.

त्याने मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गावी आईकडे गेला आणि संध्याकाळी परत आला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. आत चांदीची जोडवी होती, झिजलेली, त्याच्या आईच्या पायातली. ते पान त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. ते बाहेर काढून म्हणाला, “तू बोलत नाहीस. पण लिहून टाकलंस.”

त्याला वाटलं होतं, मी मनातून लग्न लावून टाकलंय. तोंडाने म्हणायला लाजते, समाजाला भिते, म्हणून सरकारी कागदावर लिहिलं. आईलाही त्याने तेच सांगितलं, आणि त्या माउलीने पायातली जोडवी काढून दिली. मला काय वाटलं असेल? मला हसू आलं. ते मी पदराआड दाबलं, तर त्याला वाटलं मी रडतेय. तेव्हाच सांगता आलं असतं की बाबा रे, ते टॅक्सपुरतं आहे. एका वाक्याचं काम होतं. पण त्या एका कागदावर त्याचं भागत असेल तर माझं काय जात होतं? मी जोडवी स्टीलच्या डब्यात ठेवून दिली. शाळेत कुणी बघेल म्हणून घालत नाही, म्हणाले. तो म्हणाला, कागद आहे ना, पुष्कळ झालं. त्यानंतर त्याने कोर्टाचं नाव काढलं नाही. दर वर्षी फेब्रुवारीत मात्र विचारतो, यंदाचं झालं का? मी झेरॉक्स आणून देते. तो ती प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवतो. लोक लग्नाचा वाढदिवस करतात, तसं त्याचं ते.

आता ज्यासाठी एवढी वळणं घेतली ते. टाळत होते, तुमच्या लक्षात आलंच असेल.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, धरणगावातल्याच एका दुसऱ्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर माणूस हवा होता. तिथल्या मॅनेजरना सगळे नाना म्हणतात. मधुकर त्यांना भेटून आला, त्यांच्यासमोर डाव्या हाताने चिठ्ठी लिहून दाखवली. नानांना हाताची अडचण नव्हती. मालकांशी बोलून फोन करतो म्हणाले. मधुकरच्या मोबाईलचा रिचार्ज संपलेला होता — तो का संपलेला असायचा ते तुम्हाला सांगितलंच आहे — म्हणून त्याने माझा नंबर दिला. घरी आला तो उड्या मारायचा बाकी होता. तीन दिवस त्याने पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवला. मी शाळेतून आले की आधी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघायचा.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. मी पगारबिलावर होते. नानांनी विचारलं, मधुकर आहेत का, आणि मग विचारलं, आपण कोण?

मी म्हटलं, “मी त्यांची बायको बोलतेय.”

आयुष्यात हा शब्द मी त्याच्यासाठी पहिल्यांदा तोंडाने उच्चारला. ज्या शब्दासाठी तो इतकी वर्षं थांबला होता, तो मी एका परक्या माणसाला फोनवर म्हणाले. आणि पुढे म्हणाले, “नाना, तुम्ही सज्जन माणूस आहात म्हणून सांगते. त्यांना फिट येते. गाड्यांच्या ये-जामध्ये नका ठेवू त्यांना. मी सांगितलं हे तेवढं त्यांना कळू देऊ नका, मनाला लावून घेतील.”

हात गेलेला नानांना माहीत होता, तो त्यांनी चालवून घेतला असता. म्हणून जे चालवून घेता येणार नाही ते मी सांगितलं. विचार करायला मला किती वेळ लागला? मुळीच नाही. जणू चार दिवस तयारच करून ठेवलं होतं. मधुकरला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. नाना म्हणाले, “बरं झालं ताई, सांगितलंत. बायकोशिवाय कोण सांगणार हे.” त्यांनी माझे आभार मानले. मी फोन ठेवला आणि उरलेलं पगारबिल पुरं केलं. एकही चूक झाली नाही.

आठवडा वाट बघून मधुकर स्वतःच धरणगावला गेला. नाना त्याच्याशी फार गोड बोलले, चहा पाजला आणि पुढच्या सीझनला बघू म्हणाले. घरी येऊन मला म्हणाला, नाना नजरेला नजर देत नव्हते, काय झालं असेल? मी भाकरी थापत होते. मागे वळूनही न बघता म्हटलं, “हात बघून मालक नको म्हणाले असतील. लोक असेच असतात.” तो पांढरा शर्ट काढून नुसता बसला. त्यानंतर त्याने लिहिणं सोडलं. मी आणलेली रद्दी तशीच पडून राहिली, मग मी आणायची बंद केली.

मी स्वतःला सांगितलं, टॅक्ससाठी केलं. तो कमवायला लागला तर अवलंबित कसा म्हणणार, उद्या कुणी चौकशी केली तर नोकरी जायची. हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिले. ऐकायला बरं वाटायचं.

पण तोंडातून गेलेली गोष्ट धरणगावातच थोडी राहणार? जिनिंगवाले एकमेकांना ओळखतात. फिट येणाऱ्या माणसाला कोण बोलावणार? मोटार दुरुस्तीची दोन-चार कामं अजून यायची, तीही थांबली. कुणी त्याला तोंडावर काही विचारत नव्हतं, आणि तो हाताकडे बघत बसायचा. विचारलं एकटीने — त्याच्या आईने. एका दुपारी शेजाऱ्याच्या मोबाईलवरून तिने मलाच फोन लावला आणि तिच्या अहिराणीत विचारलं, “पोरी, मना पोऱ्याले फिट येस म्हणतस. खरं शे का?”

ही शेवटची संधी होती. आईपुढे तरी? मी म्हटलं, येते कधी कधी, पण मी आहे, काळजी करू नका. ती म्हणाली, “तू शे म्हणीसन माले घोर नही.” मी आहे म्हणून तिला काळजी नव्हती. त्यानंतर ती दर मंगळवारी त्याच्यासाठी उपास धरायला लागली, मधुकरला कारण न सांगता. गेल्या वर्षी ती वारली. आपल्या पोराला फिट येते आणि ती भली बाई त्याला सांभाळते, असं समजून गेली. मी तिच्या दिवसांना गेले होते. तिथल्या बायकांनी मला सुनेसारखं पुढे बसवलं, आणि मी बसले.

आता यंदाचं सांगते आणि थांबते. टॅक्सची नवीन पद्धत आलीय, तुम्हाला माहीतच असेल. तिच्यात या सवलती नाहीत, नात्याचा रकानाच नाही, पण माझ्या पगाराला कर बसत नाही. एक रुपयासुद्धा नाही. सगळ्या स्टाफने नवीन पद्धत घेतली, त्यांचे हिशोब मीच करून दिले. आपोआप तीच लागते. जुनी हवी असेल तर तसं मुद्दाम लिहून द्यावं लागतं. मी लिहून दिलं. चित्रकलेच्या सरांनी विचारलं, मॅडम, तुम्ही चक्क कर भरताय? मी म्हटलं, सवय झालीय सर.

म्हणजे टॅक्सचंही कारण उरलं नाही. आता मी पदरचे पैसे भरतेय, त्या एका रकान्यासाठी. तुमच्यातलं कुणी हळवं असेल तर म्हणेल, बघा, शेवटी प्रेमच निघालं. तसं समजू नका. मधुकर त्या कागदावर जे वाचतो ते मी वाचत नाही. माझी नजर अजूनही वरच्या छापील शब्दावरच जाते.

परवा त्याने विचारलं, यंदाचं झालं का? मी झेरॉक्स पुढे केली. त्याने उजव्या हाताचा अंगठा, राहिलेला तेवढाच, नात्याच्या रकान्यावर ठेवला आणि ते अक्षर हळूहळू वाचलं. मग फाइल बंद करून म्हणाला, “पुढच्या वर्षीही लिहिशील ना?”

लिहीन, म्हटलं. आणि लिहिणार आहे.